तीन टोकांचा पट्टा: निल्स बोलीन आणि मोटारीतील सुरक्षिततेचा इतिहास

१/२३
१३ ऑगस्ट १९५९. दक्षिण स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाड येथील एका विक्रेत्याकडे व्होल्वो कंपनीची ‘पीव्ही ५४४’ ही मोटार पोहोचली. दिसायला ती इतर मोटारींसारखीच होती. मात्र तिच्या पुढच्या आसनांना खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी जखडलेला एक पट्टा होता. असा पट्टा कारखान्यातूनच बसवून ग्राहकासाठी आलेली ही जगातील पहिली मोटार. आज आपण सहज ‘सीट बेल्ट’ म्हणतो, तो हाच. त्याची आणि त्याच्या कर्त्या अभियंत्याची ही कहाणी.

२/२३
या अभियंत्याचे नाव निल्स बोलीन. जन्म १७ जुलै १९२० रोजी उत्तर स्वीडनमधील हर्नोसांद या बंदराच्या गावी. १९३९ मध्ये त्यांनी तेथेच यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. स्वीडन तटस्थ राहिला, पण शेजारी नॉर्वे आणि डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात गेले होते. तटस्थता टिकवायची तर स्वतःची विमाने हवीत, हे त्या देशाने ओळखले होते. १९४२ मध्ये बोलीन साब या विमान बांधणाऱ्या कंपनीत रुजू झाले.

३/२३
साबमध्ये त्यांचा विषय ठरला इजेक्शन सीट, म्हणजे संकटसमयी वैमानिकाला आसनासकट विमानाबाहेर उडवणारी यंत्रणा. याच कंपनीच्या ‘साब २१’ या लढाऊ विमानाचा पंखा वैमानिकाच्या मागे होता. हवेत विमान सोडून उडी मारणारा माणूस थेट फिरत्या पंख्यावर जाण्याचा धोका होता. त्यामुळे त्याला आसनासह वर फेकणे हाच मार्ग उरला. काही क्षणांत माणसाच्या शरीरावर प्रचंड जोर येतो, तेव्हा मणक्याचे, मानेचे, आतड्यांचे काय होते? या प्रश्नाच्या सान्निध्यात बोलीन यांची सोळा वर्षे गेली.

४/२३
आता मोटारींकडे वळू. पट्ट्याची कल्पना बोलीन यांच्या आधी कितीतरी वर्षे अस्तित्वात होती. १८८५ मध्येच अमेरिकेत एडवर्ड क्लॅगहॉर्न यांना एका सुरक्षा पट्ट्याचे पेटंट मिळाले होते. विसाव्या शतकात विमानांत पट्टे रूढ झाले. मोटारीत मात्र शतकाचा पूर्वार्ध संपेपर्यंत बहुतेक उत्पादकांनी त्यांचा विचारही केला नाही. अपघात झाला तर दोष चालकाचा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. गाडीच्या रचनेला कोणी प्रश्न विचारत नव्हते.

५/२३
तो प्रश्न विचारणाऱ्यांत ह्यू डीहेवन हे अमेरिकी गृहस्थ अग्रणी. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना ते विमान अपघातातून वाचले, पण शरीराच्या आत गंभीर इजा झाली. पुढे आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला: अपघातात माणूस नेमका कशाने मरतो? कॉर्नेल विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी अपघाती जखमांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. नाजूक वस्तू पेटीत भरताना आपण ती हलू नये म्हणून आवळून ठेवतो, माणसालाही तोच न्याय लावा, असा त्यांच्या विचाराचा आशय होता.

६/२३
दुसरे नाव जॉन पॉल स्टॅप यांचे. अमेरिकी हवाई दलातील हे डॉक्टर अधिकारी प्रयोगासाठी स्वतःलाच जुंपत. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या गाड्यावर पट्ट्यांनी जखडून घेऊन त्यांनी ताशी ६३२ मैलांचा, म्हणजे सुमारे १०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदांत ते थांबले. गुरुत्वाच्या ४६ पटींहून अधिक भार त्यांच्या देहाने सोसला आणि ते जिवंत राहिले. नीट बांधलेले मानवी शरीर आपण समजतो त्याहून पुष्कळ चिवट आहे, हे सिद्ध झाले.

७/२३
या सगळ्यामागचे साधे गणित पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून, जमिनीवर पडणे. गाडी थांबते, पण आत मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि सुकाणू चक्रावर किंवा काचेवर आदळून काही सेंटिमीटरांत थांबतो. तोच माणूस पट्ट्याने गाडीशी बांधलेला असेल, तर गाडीचा पुढचा भाग चेपत असताना तो तिच्यासोबत हळूहळू, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास अंतरात थांबतो.

८/२३
तरीही ७० किलो वजनाच्या माणसाला त्या अर्ध्या मीटरात थांबवायला सुमारे १४०० किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर शरीराच्या कोणत्या भागावर द्यायचा, हा खरा कळीचा मुद्दा आहे. मानवी देहात असा भार पेलू शकणारे भाग मोजकेच: कमरेची मजबूत हाडे, बरगड्यांचा पिंजरा आणि खांदा. पोट मात्र मऊ. तेथे यकृत, प्लीहा आणि आतडी असतात. पट्टा पोटावर रुतला तर वाचवणारी वस्तूच घात करते.

९/२३
१९५० च्या दशकात मिळणाऱ्या पट्ट्यांचा दोष नेमका येथेच होता. कमरेचा पट्टा केवळ खालचा भाग धरून ठेवी. धडकेत वरचे शरीर पुढे दुमडून डोके समोर आपटे आणि वेग जास्त असेल तर पट्टा पोटातही रुते. केवळ खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा घेतला, तर माणूस त्याखालून घसरून निघे. अमेरिकेत ग्रिस्वोल्ड आणि डीहेवन यांनी तीन ठिकाणी बांधलेला पट्टा रचला, १९५५ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले. पण त्याचे बक्कल पोटासमोर येई.

१०/२३
स्वीडनमध्येही हालचाल सुरू होती. सरकारी वीज मंडळ वॅटनफॉल यांचे कर्मचारी कामासाठी दूरदूर मोटारीने जात आणि रस्त्यांवरील अपघातांत जीव गमावत. तेथील अभियंत्यांनी कर्मचाऱ्यांसाठी पट्ट्यांचा अभ्यास आणि प्रयोग केले. १९५७ मध्ये व्होल्वोने आपल्या मोटारींत तिरपे पट्टे बांधण्यासाठी जागा ठेवायला आरंभ केला. पट्टा हवा, हे पटू लागले होते. कोणता पट्टा, याचे उत्तर अजून मिळायचे होते.

११/२३
त्या वेळी व्होल्वोचे प्रमुख होते गुन्नार एंगेलाऊ. त्यांचा एक नातेवाईक मोटार अपघातात दगावला होता आणि त्या मृत्यूस त्या काळच्या दोन टोकांच्या पट्ट्यातील उणिवाही काही अंशी कारण ठरल्या होत्या. कंपनीचा व्यवहार आणि घरातले दुःख अशा रीतीने एकाच ठिकाणी आले. १९५८ मध्ये एंगेलाऊ यांनी साबमधून बोलीन यांना बोलावून घेतले आणि केवळ सुरक्षिततेचे काम पाहणारा अभियंता म्हणून नेमले. वैमानिकाला विमानाबाहेर फेकण्याची विद्या जाणणाऱ्यावर आता माणसाला गाडीत धरून ठेवण्याचे काम आले.

१२/२३
बोलीन यांच्यापुढची पहिली अडचण तंत्राची नव्हतीच. लढाऊ विमानातले चार-पाच पट्ट्यांचे जोखड त्यांना चांगले ठाऊक होते. ते मोटारीत बसवले असते तर सुरक्षितता उत्तमच मिळाली असती. पण वैमानिक आणि मोटारचालक यांत एक मोठा फरक त्यांनी हेरला, आणि पुढे अनेकदा तो बोलूनही दाखवला. वैमानिक जीव वाचवण्यासाठी वाटेल ती गैरसोय सोसतो. भाजी आणायला निघालेला सामान्य माणूस मिनिटभराचाही त्रास सहन करत नाही. म्हणजे जो पट्टा लावायला किचकट, तो कधी लावलाच जाणार नाही.

१३/२३
या एका निरीक्षणावर सगळी रचना उभी राहिली. बोलीन यांनी काही अटी ठरवल्या. पट्टा कंबर आणि छाती दोन्ही धरील. भार हाडांवरच येईल. धडकेत तो जागचा सरकणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बसलेल्या माणसाला तो एका हाताने, एकाच हालचालीत लावता आणि सोडता येईल. वर्षभराच्या आत त्यांनी उत्तर शोधले. १९५८ मध्येच स्वीडनमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला.

१४/२३
उत्तर भूमितीत होते. पट्ट्याचे एक टोक दाराच्या खांबावर वर, दुसरे त्याच बाजूला खाली, आणि तिसरे आसनाच्या दुसऱ्या बाजूला, नितंबाशेजारी अगदी खाली. कमरेचा आणि छातीचा असे दोन्ही भाग या तिसऱ्या बिंदूशी येऊन मिळतात. समोरून पाहिले तर आडव्या पडलेल्या ‘व्ही’ या रोमन अक्षराचा आकार दिसतो आणि त्याचे टोक खाली, आसनाच्या कडेकडे रोखलेले असते. सांधा पोटावरून हलून बाजूला गेला. कमरेचा भाग ओटीपोटाखालच्या हाडांवर आणि तिरपा भाग बरगड्या व खांद्यावर बसला.

१५/२३
आज ही रचना इतकी सहज वाटते की तिच्यात शोध कोणता, असा प्रश्न पडावा. तीन टोके आधीही होती, कंबर आणि छाती धरणारे पट्टेही होते. बोलीन यांनी सांध्याची जागा बदलली आणि तेवढ्याने दोन प्रश्न एकदम सुटले: पोटावरचा भार गेला, आणि बक्कल हाताच्या सहज आवाक्यात आले. अमेरिकेत १० जुलै १९६२ रोजी त्यांना ३०,४३,६२५ या क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याचे नाव होते केवळ ‘सुरक्षा पट्टा’.

१६/२३
यानंतरचा निर्णय या कहाणीतला सर्वांत दुर्मीळ भाग आहे. पेटंट हाती असताना व्होल्वोला प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून मोबदला घेता आला असता. कंपनीने तसे केले नाही. इतर उत्पादकांनाही ही रचना वापरण्याची मोकळीक दिली. यात कंपनीच्या प्रतिमेचा लाभ होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या लाभापलीकडे जाऊन पाहिले तर आज जगातील जवळजवळ प्रत्येक मोटारीत एकाच भूमितीचा पट्टा दिसतो, त्यामागे ही मोकळीकही आहे.

१७/२३
तरीही लोक लगेच पट्टा लावू लागले, असे मात्र घडले नाही. गाडीला आग लागली तर अडकून पडू, पाण्यात पडली तर सुटता येणार नाही, बाहेर फेकले गेलो तर वाचू, असे समज सर्वत्र होते. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्यापेक्षा बोलीन यांनी पुरावा गोळा करायचे ठरवले. स्वीडनमध्ये व्होल्वो मोटारींना झालेल्या सुमारे २८ हजार अपघातांची माहिती एकत्र करून त्यांनी तपासली. कोणी पट्टा लावला होता, कोणी नाही, वेग किती होता, इजा कोणती झाली, हे सारे मांडले.

१८/२३
१९६७ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतील स्टॅप परिषदेत सादर झाला, त्याच रॉकेटगाड्यावरील डॉक्टरांच्या नावाने भरणाऱ्या परिषदेत. निष्कर्ष स्पष्ट होते. पट्टा न लावलेले लोक कमी-अधिक सर्व वेगांत मरण पावले होते. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ६० मैलांखालील, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरखालील अपघातांत एकही मृत्यू नव्हता. वेग आणि इजेच्या प्रकारानुसार जखमांचे प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी घटले होते. पट्ट्याच्या वादात आता मतांपुढे हजारो अपघातांची नोंद उभी राहिली.

१९/२३
पुरावा आला, कायदे मागून आले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर १९७० मध्ये पट्टा लावणे सक्तीचे केले, जगात प्रथमच. स्वीडनने पुढच्या आसनांसाठी १ जानेवारी १९७५ पासून, तर ब्रिटनने ३१ जानेवारी १९८३ पासून सक्ती केली. अमेरिकेतला प्रसंग बोधप्रद आहे. १९७४ च्या मोटारींत पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ नये, अशी सोय बसवण्यात आली. जनता इतकी खवळली की त्याच वर्षी संसदेने कायदा करून ही सक्ती रद्द केली. माणूस मिनिटभराचीही गैरसोय सोसत नाही, हे बोलीन यांचे निरीक्षण अशा रीतीने खरे ठरले.

२०/२३
बोलीन १९६९ मध्ये व्होल्वोच्या मध्यवर्ती संशोधन व विकास विभागात वरिष्ठ पदावर गेले आणि बाजूने होणाऱ्या धडकेपासून संरक्षण कसे मिळेल, यावरही त्यांनी काम केले. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी जर्मन पेटंट कार्यालयाने मागील शंभर वर्षांत मानवजातीसाठी सर्वांत मोलाची ठरलेली आठ पेटंटे निवडली. बेन्झ, एडिसन आणि डिझेल यांच्या पंक्तीत बोलीन यांचा पट्टा होता. २१ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की त्याच दिवशी अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश होत होता.

२१/२३
हा इतिहास आपल्या रस्त्यांपर्यंत येऊन पोहोचतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८(३) नुसार चालकासह पुढे बसणाऱ्याने आणि समोर तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा लावणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उल्लंघनाचा दंड एक हजार रुपये आहे. तरीही केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ लोक मृत्युमुखी पडले. त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ सहप्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे मृत्यू सुकाणू हाती नसलेल्यांचे.

२२/२३
४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात अनेकांना आठवत असेल. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा त्यात मृत्यू झाला. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागील प्रवाशांनाही पट्टा लावण्याची सक्ती अमलात आणण्याचे पोलिसांनी जाहीर केले. नियम तर आधीपासूनच होता. मागच्या आसनाला धोका नसतो, ही समजूत मात्र त्याहून जुनी आणि बळकट निघाली.

२३/२३
बोलीन यांच्या पट्ट्याने दहा लाखांहून अधिक जीव वाचवले असावेत, असा व्होल्वोचा अंदाज आहे. वाचलेल्या माणसांची मोजदाद करणे कठीण, कारण ती माणसे घरी जाऊन नेहमीसारखी जेवायला बसलेली असतात. म्हणूनच अशा अभियंत्यांचे पुतळे चौकात उभे राहत नाहीत. त्यांनी माणसाचा आळस गृहीत धरूनच आपली रचना केली आणि लावण्याचे काम एका हाताच्या एका हालचालीवर आणून ठेवले. तेवढे मात्र प्रत्येकाने स्वतःच करायचे आहे.

वाचकहो, तुमच्या घरच्या गाडीत मागे बसणारी आजी, काका, लहान भावंडे पट्टा लावतात का? नसतील लावत, तर हा थ्रेड त्यांना वाचून दाखवा. यंत्रांच्या आणि त्यामागच्या माणसांच्या अशा आणखी कहाण्या घेऊन लवकरच भेटू.